हॉलमधला एकुलता एक खिळा

ही गोष्ट २०२३ सालची. साल पक्कं सांगते, कारण त्या जानेवारीत मी पुण्याला मुलाच्या घरी गेले आणि हॉलमधल्या खिळ्यावर माझ्या जागी माझी विहीण लटकलेली दिसली.

दचकू नका. फोटो लटकलेला. पण मला जे वाटलं ते विहीण लटकल्यासारखंच वाटलं.

सुगत माझा मुलगा. पुण्यात नोकरी, भाड्याचं घर. घरमालक असा की भिंतीला स्वतःच्या कातडीसारखं जपायचा. भाडेकरूला अख्ख्या हॉलमध्ये एकच खिळा मारायची मुभा, आणि तोही त्यानं शेजारी उभं राहून, प्रत्येक घावाला डोळे मिटून मारून घेतलेला. त्या खिळ्यावर पहिल्या दिवसापासून माझा फोटो होता. मी आरोग्य खात्यात नर्स होते. भूम तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पोरांना डोस पाजत, पायी हिंडत नोकरी झाली. निवृत्तीला शाल पांघरून माझा सत्कार झाला, तो हा फोटो. शाल टोचत होती म्हणून मी त्यात हसत नाही, पण रुबाबदार दिसते.

आता तिथं भिमाबाई होत्या. भिमाबाई म्हणजे माझ्या सुनेची, प्रीतीची आई. राहणार उमरगा. गळ्यात ताटलीएवढं मेडल, अंगात पोपटी टी-शर्ट आणि दात इतके दाखवलेले की दातांच्या डॉक्टरनं पाटीवर लावावेत.

"माझा फोटो कुठं गेला गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुसायला काढलाय, आई," प्रीती म्हणाली.

फोटो फ्रीजच्या मागं होता. पुसायला काढलेली वस्तू फ्रीजच्या मागं ठेवायची पद्धत असेल पुण्यात.

माझी नात पौर्णिमा तेव्हा दुसरीत होती. ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "उमरग्याची आजी एकवीस किलोमीटर पळली. तुला मेडल आहे का?"

"मला शाल आहे."

"शाल काय, सगळ्यांनाच मिळते," पौर्णिमा म्हणाली.

इथं एक सांगायला हवं. भिमाबाई वाईट बाई नाहीत. तीच तर अडचण आहे. वाईट असत्या तर चार लोकांत बोलता तरी आलं असतं. आमच्यात लग्न साधं असतं. वंदना, फुलं, दोघातिघांची भाषणं, की झालं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वडीलधाऱ्यांनी किती जुन्या गोष्टी सोडल्या. मुलाच्या आईचा मान तेवढा कुणाच्या हातून सुटला नाही, आणि तो सोडा म्हणून मीही कधी आग्रह धरला नाही. भिमाबाई हा मान इतका काटेकोर पाळतात की माझ्याआधी दारातून आत जाणार नाहीत, माझ्याआधी घास उचलणार नाहीत. रिक्षातसुद्धा मला आधी बसवतात आणि मग मी आत सरकताना गुडघा धरून कण्हते.

मान त्या मला देत होत्या आणि माणसं स्वतःकडं नेत होत्या. लग्नात त्यांची साडी माझ्या साडीपेक्षा भारी होती. पौर्णिमाच्या नामकरणाला त्यांनी शिवलेलं झबलं पोरीला बरोब्बर बसलं, मी नेलेलं कोपरात अडकलं. आणि २०१९ च्या मे महिन्यात सुगतनं, माझ्या पोटच्या पोरानं, त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीला 'एक नंबर' म्हटलं. माझ्या चटणीला तो आजवर 'चांगली आहे' यापुढं गेलेला नाही. माझी स्मरणशक्ती तशी बरी आहे.

तर त्या खिळ्याखाली उभं राहून मी जाहीर केलं, "येत्या डिसेंबरात मीपण पळणार."

सुगत हातातला पोहे खायचा चमचा तसाच धरून बघत राहिला. "आई, तुझे गुडघे..."

"माझे गुडघे पाथरूडच्या माळानं तपासलेत. पळणं म्हणजे काय असतं रे? घाई असलेलं चालणं. मी जन्मभर घाईतच होते."

पौर्णिमानं लगेच निकाल दिला. "मेडल आणलंस की खिळ्यावर तुझा फोटो. प्रॉमिस."

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळं भूम त्यांना डायवर म्हणतं, मनातल्या मनात मीसुद्धा. मी भूमला परत येऊन बेत सांगितला, तेव्हा ते कानात तेल घालत होते.

"एकवीस किलोमीटर?" ते म्हणाले. "म्हंजी परंड्याच्या वाटंवर निम्म्याच्या पुढं. नर्सबाई, तेवढ्यात माझी गाडीसुद्धा दोनदा पाणी मागायची."

"तुमची गाडी जुनी होती."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुसऱ्या कानात तेल सोडलं. संसार असाच टिकतो.

मी बूट आणले. पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता, डायवरांना न उठवता, साडीचा पदर खोचून बाहेर पडले. आता आमच्याकडं पासष्टीच्या पुढची बाई सकाळच्या पारी रस्त्यानं पळताना दिसली, तर त्याचा अर्थ एकच असतो. हा विचार मी केला नव्हता.

शेजारच्या हरणाबाई अंगणात सडा टाकत होत्या. "काय झालं ओ नर्सबाई?" त्यांनी विचारलं.

मी चौकातून नुकतीच परत वळले होते. तेवढ्यातच माझ्या छातीचा भाता झालेला. तोंडातून शब्द फुटेना. म्हणून हातानं खूण केली. आधी आमच्या घराकडं बोट दाखवलं, म्हणजे डायवर अजून झोपलेत. मग हात वर केला, म्हणजे आता वरच्या रस्त्याला जाऊन येते.

हरणाबाईंच्या हातातली बादली पडली. मला वाटलं, माझा वेग बघून पडली.

डायवरांची सगळी नोकरी पहाटेच्या पहिल्या गाडीवर गेली. त्यामुळं निवृत्तीनंतर त्यांनी राहिलेली झोप वसूल करायचं ठरवलंय. डोक्यावरून चादर, पाय ताठ, हालचाल नाही. डेपोच्या खोलीत शिकलेली झोप ती, उशाला इंजिन खोललं तरी मोडायची नाही. हरणाबाईंनी दारातून ते दृश्य बघितलं आणि जो गळा काढला, तो म्हणे एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेला.

मी वरच्या रस्त्यानं दमून परत आले तेव्हा आमच्या दारात चपलांचा ढीग. ओट्यावर माणसं टोप्या काढून बसलेली. आत बायका रडत होत्या, आणि सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आमचे डायवर रडत होते.

त्यांचीही चूक नव्हती. आवाजानं शेवटी जाग आली, तर खोलीभर रडणाऱ्या बायका आणि त्यांत आपली बायको नाही. माणूस दुसरं काय समजणार?

"नर्सबाई गं," ते म्हणत होते, "मला चहासुद्धा करता येत न्हाय गं."

"कोण गेलं ओ?" मी दारातून विचारलं.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

"तू गेलीस," डायवर म्हणाले.

"मी पळायला गेले होते."

"न्हाय न्हाय, डायवर गेले म्हणून सांगितलं आमाला," ओट्यावरून एक जण म्हणाला.

"मी कुठं जातोय? मी झोपलो व्हतो."

सगळ्यांनी हरणाबाईंकडं बघितलं. हरणाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुमीच हात वर केला न्हवं का? घराकडं बोट आन् मग वर. लेकरालाबी कळंल."

एवढ्या लोकांना चहा करावा लागला. मातीला आलेला माणूस घाईनं उठून जातो, पण माणूस जिवंत निघाला की बसतो आरामात. डायवरांचं रडं मला बघताच थांबलं होतं. चहा घेताना मात्र ते मधूनमधून माझ्याकडं चोरून बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी गेले तर त्यांना नेमकं कशाचं दुःख होईल हे त्या दिवशी कळलं. चहाचं.

तोवर हरणाबाईंच्या सुनेनं, निकितानं, मोबाईलच्या स्टेटसला डायवरांचा खाकी कपड्यातला फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं होतं. सुगतचा घाबरा फोन आला. डायवर स्वतः त्याच्याशी बोलले, तेव्हा कुठं त्याची खात्री पटली. पुण्याचं मिटलं. उमरग्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी दारात भिमाबाई उभ्या.

उमरगा जिल्ह्याच्या एका टोकाला, भूम दुसऱ्या टोकाला. गाड्या बदलत, उन्हातान्हातून बाई आलेली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले आणि हातात भाकरीचं गठुडं. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी भाकरी न्यायची असते. आणि समोर डायवर पाटावर बसून मटणाचा रस्सा ओरपत होते. मरता मरता वाचलो म्हणून त्यांनीच आणायला लावलेलं मटण.

"जयभीम, विहीणबाई," ते म्हणाले. "या, बसा जेवायला."

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. भिमाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा वाटीकडं बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि गठुडं हळूच खाली ठेवलं.

"जयभीम. सहज आले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, रश्श्याला भाकरी कमी पडायला नको."

बघितलंत? असा स्वभाव. अशा बाईवर माणसानं जळायचं तरी कसं? मी जळलेच. शिवाय भाकरी पातळ, पापुद्र्याच्या आणि चांगल्या होत्या. डायवर तीन खाऊन 'वा' म्हणाले.

जेवणं झाल्यावर त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या माझ्या नव्या बुटांवर गेली.

"विहीणबाई, तुम्ही पळताय?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला दिवा मालवावासा वाटला. "मग डिसेंबरात बरोबरच पळू की आपण. मला तेवढीच सोबत. गेल्या वर्षी एकटीच होते."

"हो तर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खिळ्याचं सांगणार होते का?

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. पायाची नखं वाढू देऊ नका. तहान लागायच्या आधी पाणी प्या. सुरुवातीला हळू पळा. हे हळू पळायचं ऐकून माझा संशय पक्का झाला. मला मागं ठेवायचा डाव आहे. मी मुद्दाम सुरुवातीला जोरात पळायचे आणि पुढं बांधावर बसून राहायचे. डायवर मागून लुना घेऊन यायचे. त्यांचं शिकवणं एसटीच्या पद्धतीचं. "चढाला गेर बदल." "वळणावर ब्रेक मारू नको." "पुढची गाडी दिसली म्हणून पिसाळायचं न्हाय, ती थांब्याला सापडतीच." गावाला सवय झाली. मी पळताना दिसले की हरणाबाई आता फक्त लांबून विचारायच्या, "डायवर बरे हाईत न्हवं?"

डिसेंबर आला. पुण्यातल्या त्या मैदानावर थंडीत इतकी माणसं उभी होती की सोनारीच्या यात्रेत तेवढी नसावीत, आणि सगळी अर्ध्या चड्डीत. कुणी पाय ताणतंय, कुणी मनगटावरच्या घड्याळाशी बोलतंय. पोरं तोंडात कसल्या तरी चिकट पुड्या पिळत होती. मी कंबरेच्या बटव्यात कुंथलगिरीचे पेढे घेतले होते. मी सहावारीत, पदर पिनांनी पक्का केलेला. भिमाबाई त्याच पोपटी टी-शर्टात.

"पेढा घ्या," मी त्यांना म्हणाले.

"मला साखर आहे ना, विहीणबाई."

"अरे हो की," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोर दोन खाल्ले. ते पेढे मला त्या दिवशी फारच गोड लागले.

कठड्याच्या पलीकडं सुगत, प्रीती आणि पौर्णिमा. पौर्णिमानं छातीशी नवी कोरी रिकामी फ्रेम धरली होती. मी तिला हात केला. यावेळी नीट समोर केला, वर नाही.

बार झाला. आम्ही पळालो.

सुरुवातीलाच मी भिमाबाईंना मागं टाकलं. मनातून उकळ्या फुटत होत्या. थोडं जाऊन मागं बघितलं, तर त्या दोन पावलं मागं. मी वेग वाढवला. बघितलं, तर दोन पावलं मागं. मी इतकी पळाले की डोळ्यांपुढं काजवे आले. वळून बघितलं. दोन पावलं मागं, आणि तोंड मिटून नाकानं शांत श्वास चाललेला, जशी काय बाई देवडीत बसून तांदूळ निवडतेय.

शेवटी मी हळू झाले. म्हटलं, जाऊ द्या पुढं, निदान पाठ तरी दिसेल, मागं कोण आहे ही धाकधूक नको. त्याही हळू झाल्या.

"तुम्ही पुढं व्हा की," मी धापत म्हणाले.

"छे छे."

"तुमचा वेग जास्त आहे."

"असू दे. तुम्ही मुलाची आई. तुमच्या पुढं कशी जाऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई माझ्यापुढं हरत नव्हती, मला मान देत होती. गेल्या वर्षी एकटी पळून मेडल आणणारी बाई आज माझ्या मागं चपला सांभाळल्यासारखी चालली होती. माझ्या आयुष्यात कुणी माझा इतका आदर करून इतका अपमान केलेला नाही.

मी ठरवलं की आता हिला खरोखर हरवायचं. आणि हरवलंही असतं, पण पाण्याचा थांबा आला.

तिथली पोरं पळणाऱ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या देत होती. पळणारे एक घोट घेत होते आणि बाटली रस्त्यावर टाकत होते. भरलेली. माझ्या पुढच्या मुलानं तर निम्मं पाणी डोक्यावर ओतलं आणि उरलेलं तसंच फेकून दिलं. रस्त्यावर बाटल्यांचा सडा, आणि त्यांतून डांबरावर पाणी चाललेलं, कुणाच्याही कामी न येता.

आता मी भूमची. आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा लोक जेवण सोडून उठतात. आम्ही तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळतो आणि ते पाणी लिंबाला घालतो. त्या बाटल्या ओलांडून पुढं जायला माझे पाय तयार होईनात. मी स्वतःला बजावलं, गुलाबबाई, खिळा आठवा, फ्रीज आठवा. दोन बाटल्या ओलांडल्याही. तिसरी जवळजवळ पूर्ण भरलेली होती.

मी वाकले. शेजारी बघते तर भिमाबाई माझ्याआधीच वाकलेल्या, काखेत चार बाटल्या.

"काय माणसं आहेत ओ," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निंदा मी पहिल्यांदा ऐकली. फार बरं वाटलं.

"पाणी बघितलेलं नाही ह्यांनी," मी म्हणाले.

मग काय विचारता. त्या उचलायच्या, मी टोपणं लावायची. अर्ध्या अर्ध्या बाटल्या एकात ओतून दुभाजकावरच्या वाळक्या झाडांना घातल्या. ती झाडं पुण्यात राहून भूमसारखी दिसत होती. एका पोरानं विचारलं, "काकू, तुम्ही सफाईच्या टीममधल्या का?" भिमाबाई म्हणाल्या, "नाही बाळा, आम्ही पळतोय." तो आमच्याकडं बघत राहिला. पुढच्या थांब्यावर तेच. त्याच्या पुढच्याला तेच. कामाच्या नादात मी त्यांना शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती घालता तेही विचारून घेतलं. त्यांनी लगेच सांगितलं. खरं सांगितलं की नाही, कोण जाणे.

बाटल्यांतून मान वर केली, तेव्हा रस्ता रिकामा होता. पळणारं कुणीच नाही. फक्त मागून एक बस येत होती, सावकाश, बैलगाडीच्या चालीनं. मागं राहिलेल्या, वेळ चुकलेल्या लोकांना गोळा करत येणारी बस. तिच्यात बसलं की संपलं, मेडल नाही.

बस जवळ आली. पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आमचे डायवर बसले होते.

"तुम्ही इथं काय करताय?" मी विचारलं.

"हे आपल्या बार्शीकडचे निघाले," त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरकडं बोट दाखवलं. दोघांत शेंगांची पुडी. "म्हणले बसा, गप्पा मारू. नर्सबाई, चढ. खिडकीची शीट हाय. विहीणबाई, तुमीबी या."

ती खिडकीची सीट मला दिसत होती. गादीची होती. माझे पाय तिच्याकडं वळलेसुद्धा. पण त्या सीटवर बसून माघारी जायचं म्हणजे पौर्णिमाच्या हातातली ती रिकामी फ्रेम बघायची.

"चला, विहीणबाई," मी भिमाबाईंना म्हणाले आणि पळत सुटले.

ते शेवटचं पळणं मी विसरणार नाही. पुढं मी, दोन पावलं मागं भिमाबाई, दोघींच्या हातांत पाण्याच्या बाटल्या, त्यांच्यामागं घुरघुरणारी बस, आणि बसच्या खिडकीतून आमच्या डायवरांचं डोकं. "वेळ होत आली. चल, टॉप टाक, टॉप." रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटतं त्यांना बसनं आमचा पाठलाग चालवलाय असं वाटत होतं.

शेवटची कमान दिसली. कमानीखाली रबराची पट्टी. ती ओलांडली की झालं. वर मोठ्या घड्याळात आकडे पळत होते आणि माईकवरचा मुलगा सांगत होता, थोडाच वेळ उरलाय. पौर्णिमा फ्रेम डोक्यावर धरून उड्या मारत होती.

पट्टीच्या अलीकडं मी थांबले. मागची पावलं थांबली होती म्हणून थांबले.

"तुम्ही आधी," भिमाबाई म्हणाल्या.

आणि त्या क्षणी मला सगळं पुढचं दिसलं. मी आधी गेले, तर जन्मभर सुगत-प्रीती सांगणार, भिमाबाईंनी विहिणीचा मान राखला. म्हणजे मेडल माझ्या गळ्यात आणि कौतुक पुन्हा त्यांचंच.

"नाही, तुम्ही आधी," मी म्हणाले.

"असं कसं? तुम्ही मुलाची आई."

"मुलाची आई म्हणूनच सांगतेय. जा आधी. माझा शब्द मोडता?"

भिमाबाई कधी नव्हे त्या गोंधळल्या. "शब्द राखला तर मान मोडतो, विहीणबाई. मान राखला तर शब्द."

"काकू, आत या," माईकवरचा मुलगा म्हणाला. "काकू, वेळ संपतोय."

"थांब रे बाळा, आमचं बोलणं चाललंय."

"आई, घे ना पाऊल पुढं," सुगत म्हणाला. प्रीती तिच्या आईला हातानं ये ये करत होती. लोक मोबाईल काढून उभे राहिले. मी भिमाबाईंच्या पाठीला हात लावून त्यांना पुढं ढकलू लागले. त्या माझा दंड धरून मला पुढं ओढू लागल्या. बारीक बाई, पण हाताला काय जोर. आमची पावलं पट्टीच्या अलीकडंच फिरत होती, फुगडीच्या डावासारखी.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

डायवरांनी नंतर शपथेवर सांगितलं की हात आपोआप गेला. रस्त्यात दोन बायका बोलत उभ्या राहिल्या की त्यांचा हात तिथंच जातो, नोकरीची सवय. आणि आम्हा दोघींची सवय अशी, की पाठीशी एसटीसारखा हॉर्न वाजला की आधी उडी, मग विचार. आम्ही दोघी एकमेकींना धरून जी उडी मारली, ती थेट पट्टीच्या पलीकडं.

वेळेत पडलो की वेळेबाहेर, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघींच्या गळ्यांत मेडल पडलं. भिमाबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला जरा रडू आलं, पण ते पायाच्या गोळ्यामुळं.

मॅरेथॉनच्या फोटोवाल्यानं नेमका उडीचा क्षण टिपला होता. पौर्णिमाला तोच फोटो आवडला. प्रॉमिस पाळून तिनं तो फ्रेम करून खिळ्यावर लावला. फोटोत दोघी हवेत आहोत. भिमाबाईंचे सगळे दात दिसतात. माझ्या पदराची पिन नेमकी तेव्हाच सुटली आणि पदर तोंडावर आला. आल्यागेल्याला पौर्णिमा सांगायची, "ही उमरग्याची आजी, आणि हा भूमच्या आजीचा पदर."

पुढं काय झालं तेही सांगते. निकिताला स्टेटसला कुणाची श्रद्धांजली टाकायची असेल तर हल्ली ती आधी त्या माणसालाच फोन करते. हरणाबाई आता मला बघून कडेला सरकतात आणि त्यांची बादली जमिनीवर ठेवलेली असते. डायवरांची त्या बसवाल्याशी इतकी दोस्ती झाली की त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही बार्शीला जाऊन आलो. डायवर चहा करायला शिकले. वाईट करतात.

भिमाबाई अजून पळतात. दर वर्षी नवा टी-शर्ट. मी बूट धुऊन वाळत घातले होते, ते अजून वाळतायत.

सुगत-प्रीतीनं मागच्या वर्षी स्वतःचं घर घेतलं. तिथं खिळ्यांना परवानगी लागत नाही. भिंतभर फोटो. माझा शालीतला, भिमाबाईंचा पोपटी, उडीचा, डायवरांचा खाकी, आणि आता पोहायला शिकलेल्या पौर्णिमाची स्वतःची मेडलं. सगळेच लटकलेत म्हटल्यावर त्यात लटकण्याचं सुख काय राहिलं?

जुनं घर सोडलं त्या दिवशी मी पक्कड घेऊन गेले होते. घरमालक भिंतीचं ते भोक कुरवाळत उभा होता, तेवढ्यात मी खिळा बटव्यात टाकला. तो भूमला आणून बैठकीच्या खोलीत, दारासमोर मारला आणि त्यावर माझ्या शालीतल्या फोटोची दुसरी प्रत लावली. दुसरा खिळा त्या भिंतीला मारू देत नाही.

परवा भिमाबाई आल्या होत्या. दारात थांबल्या, मला आधी आत जाऊ दिलं, मग आल्या. फोटो बराच वेळ बघितला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त जरासा तिरका वाटतो, विहीणबाई."

मी म्हणाले, "अजिबात नाही. तुमच्या बघण्यात फरक असेल."

त्या गेल्यावर दारात उभं राहून बघितला. होता.